मुलीला समोर बसवून बोलण्याआधी

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही वेगळं कळलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. मुलगी २७ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिने चांगली चाललेली नोकरी सोडून ॲनिमेशन शिकायला घेतलं. ते कळलं त्याच आठवड्यात घरी नातेवाईक जमले होते आणि त्यांच्यादेखत तुम्ही म्हणालात, "हिच्या शिक्षणावर केलेला खर्च पाण्यात गेला." ती काही बोलली नाही, उठून आत गेली. नंतर दुसऱ्या शहरात राहायला गेली, तिथे तिला त्याच क्षेत्रात कामही मिळालं. आईशी रोज बोलते. तुमच्याशी "हो", "बरं", "ठेवते". मध्यंतरी तुम्ही "माझं काही चुकलं असेल तर माफ कर" असा मेसेज पाठवलात, तिचं उत्तर आलं, "ठीक आहे बाबा," आणि बदललं काहीच नाही. आता पुढच्या महिन्यात ती चार दिवस घरी येतेय. तेव्हा तिला समोर बसवून एकदाचं काय ते मोकळं बोलून घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

नका बोलू. निदान आल्या आल्या नको, आणि "समोर बसवून" तर मुळीच नको. का ते सांगते. कुटुंबांच्या समुपदेशनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि असं "एकदाचं बोलून घेऊ" म्हणून बसलेले बापलेक आणखी दुरावलेले मी पाहिले आहेत. दोघांचा हेतू चांगला असूनही.

तुम्हाला वाटतंय की ती बोलत नाही, ही अडचण आहे. मला अडचण एक पायरी मागे दिसते. तुम्हाला काही सांगणं तिला महागात पडतं. तिने आयुष्यातला एक मोठा निर्णय तुम्हाला सांगितला आणि त्याची किंमत तिला चारचौघांत मोजावी लागली. त्या दिवसानंतर तिने बहुधा ठरवूनही ठेवलं नसेल, पण तिच्या मनाने हिशेब पक्का केला: बाबांना जितकं कमी कळेल तितकं बरं. अशा मुली माझ्याशी बोलतात तेव्हा जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. वडिलांचा फोन आला की उचलण्याआधी मनात एक यादी तयार होते, आज कायकाय बोलायचं नाही याची. पगाराचं नाही, घर बदलल्याचं नाही, मैत्रिणीशी बिनसल्याचं नाही, परवा ताप आला होता तेही नाही. यादी इतकी लांब होते की बोलायला "हो", "बरं", "ठेवते" एवढंच उरतं. तुम्हाला तो राग वाटतो. बऱ्याचदा तो राग नसतो, सावधपणा असतो.

म्हणून तुमच्यापुढचं काम तिला बोलतं करण्याचं नाही. तुम्हाला काही सांगितलं तर त्याचा त्रास होत नाही, हे तिला पुन्हा पुन्हा अनुभवाला आलं पाहिजे. एका बैठकीत हे होत नाही, ती बैठक कितीही मनापासून केलेली असली तरी.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी पुढे लिहिणार आहे ते सगळं तुम्ही सांगितलंय तेवढंच घडलं आहे असं धरून. तिच्या लहानपणी घरात मारहाण झाली असेल, दारूपायी तिने काही सोसलं असेल, तिच्या बाबतीत कुणी काही गैर केलं आणि घरच्यांनी ते दाबलं असेल, तर ते एक वाक्य फक्त शेवटची काडी होती, आणि मग माझ्या या सूचना अपुऱ्या आहेत. तिथे आधी तुम्ही स्वतः एखाद्या समुपदेशकाकडे जायला हवं. एकट्याने, तिला सोबत ओढून नाही. तिने कधी "मला संपर्कच नको" असं स्पष्ट सांगितलं असेल, तरी गोष्ट वेगळी. आणि मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असती, तुमच्याच घरात राहत असती, तर रोजच्या शिस्तीचे, परवानगीचे प्रश्न मध्ये आले असते. इथे तसं नाही. ती सज्ञान आहे, कमावती आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे. तुमच्याशी नातं ठेवणं हा आता तिच्या मर्जीचा भाग आहे. ऐकायला हे कठोर वाटेल, पण यातच तुमच्यासाठी चांगली बातमीही आहे: ती अजून फोन उचलते, ते कुणी भाग पाडतं म्हणून नव्हे.

तुम्ही शेवटी विचारलंय, "अशी नाती परत जुळतात का हो?" जुळतात. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच त्या कुटुंबांना कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून जमवलेल्या माहितीवर तो आधारलेला आहे. आईशी कधीतरी संबंध तुटल्याचं ६ टक्के मुलामुलींच्या बाबतीत आढळलं, वडिलांशी तुटल्याचं २६ टक्क्यांच्या. वडिलांशी पहिल्यांदा तुटण्याचं सरासरी वय २३. पण ज्यांचे वडिलांशी तुटले होते त्यांच्यापैकी ६९ टक्क्यांचे संबंध पुढच्या काळात पुन्हा सुरू झालेले होते. आकडे तिथल्या समाजाचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. तरी वडिलांच्या बाजूची गाठ जास्त सहज सुटते, आणि सुटलेली बरेचदा परत बांधलीही जाते, हे माझ्या कामात मला जे दिसतं त्याच्याशी जुळतं. आणि तुमचं तर तुटलेलंही नाही.

आता त्या माफीबद्दल. मेसेज पाठवायला तुम्हाला किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. आयुष्यभर मुलांपुढे चूक कबूल न केलेल्या पिढीतल्या माणसासाठी तेवढं लिहिणं ही मोठी गोष्ट आहे. पण तो मेसेज तिच्या बाजूने वाचून बघा. "काही चुकलं असेल तर." म्हणजे चुकलं की नाही हे तुमच्या लेखी अजून ठरलेलं नाही. "काही", म्हणजे नेमकं काय ते तुम्हाला आठवत नाही, किंवा आठवतंय पण उच्चारायचं नाही. "माफ कर", म्हणजे आता काहीतरी करायचं आहे ते तिने. दोन वर्षं जी गोष्ट तिच्या मनात रुतून बसली आहे, तिचं नावही न घेता तुम्ही ती मिटवून मागताय. यावर "ठीक आहे बाबा" यापलीकडे ती काय लिहिणार?

ॲरन लझार नावाचे एक मनोविकारतज्ज्ञ होते, त्यांनी माफी मागण्याच्या प्रक्रियेचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत माफीचे चार भाग येतात: आपण काय केलं याची स्पष्ट कबुली, ते का घडलं याचा खुलासा, पश्चात्ताप आणि भरपाई. माझ्या अनुभवात वडिलांची गाडी दोन जागी अडते. कबुली मोघम होते आणि खुलासा लांबतो. खुलासा लांबला की त्याचं समर्थन होतं. "मला तुझी काळजी वाटत होती, तुझ्या भल्यासाठीच बोललो, तेव्हा माझ्यावर ताण होता" हे सगळं खरं असेलही, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की माझा नाइलाज होता.

मी तुमच्या जागी असते तर साधारण असं लिहिलं असतं:

"त्या दिवशी सगळ्यांसमोर मी म्हणालो की तुझ्या शिक्षणावरचा खर्च पाण्यात गेला. ते बोलणं चूक होतं. तुला एकटीला बोललो असतो तरी चूकच होतं, आणि सगळ्यांदेखत बोलून मी तुझा अपमान केला. तू उठून आत गेलीस तेव्हा मी मागोमाग यायला हवं होतं, आलो नाही. याचं मला वाईट वाटतं. यापुढे तुझ्या कामाबद्दल इतरांसमोर असं बोलणार नाही. याला उत्तर दिलंच पाहिजेस असं काही नाही."

शब्द तुमचे घाला, माझे उचलू नका. तिला तुमची भाषा ठाऊक आहे, उसनी लगेच ओळखेल. पण पाहा, यात "पण" नाही. काळजीचा उल्लेख नाही. तिच्या आईचा उल्लेख नाही. शेवटचं वाक्य ठेवाच, आणि ठेवलंत तर पाळा. दोन दिवसांनी "वाचलंस का?" असं विचारलंत तर त्या वाक्याचा अर्थच गेला.

हे ती घरी येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पाठवा. मेसेज किंवा हाताने लिहिलेलं पत्र, तुम्हाला जे सहज जमेल ते. लेखी का म्हणते, तर लेखी असलं की तिला तुमच्यासमोर चेहरा सांभाळावा लागत नाही. वाचून तिला रडू आलं, राग आला, हसू आलं, तरी ते तिचं तिच्यापाशी राहतं. समोरासमोर मागितलेली माफी ऐकणाऱ्यावर तिथल्या तिथे काहीतरी म्हणण्याचा भार टाकते. मुली अशा वेळी वडिलांचीच समजूत घालायला लागतात: "जाऊ द्या बाबा, झालं ते झालं." मग सगळे सुटल्यासारखे होतात आणि गोष्ट होती तिथेच राहते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, माझ्या लेखी ते फार महत्त्वाचं आहे. "तिचं सगळं मला तिच्या आईकडून कळतं." इथे थोडं थांबू या. ती आईला सांगते, आई तुम्हाला सांगते, तुम्ही तुमचं मत आईला सांगता, आई ते गोड करून तिच्यापर्यंत पोहोचवते. असंच ना? मरी बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी कुटुंबातल्या अशा त्रिकोणांचा सविस्तर विचार मांडला आहे. दोघांमधला ताण सोसेनासा झाला की ते तिसऱ्याला मध्ये घेतात. त्याने ताण सुसह्य होतो आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं टिकतो, कारण ज्या दोघांनी बोलायचं त्यांना बोलण्याची गरजच उरत नाही. तुमच्या घरात हे काम आईवर येऊन पडलं आहे. ती दोन्हीकडचं ऐकते, दोन्हीकडचं गाळते, आणि दमते. तिला विचारून बघा.

यातून बाहेर कसं पडायचं? पत्नीला सांगा, "तिच्याबद्दलची बातमी मला देऊ नकोस, अडीअडचण असेल तर गोष्ट वेगळी. तिला मला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल." सुरुवातीला हे फार जड जाईल, कारण जे थोडंफार कळत होतं तेही बंद होईल. पण सध्या काय होतंय ते बघा. ती आईला काहीतरी सांगते आणि आठवड्याने तुमच्या फोनवरच्या एखाद्या प्रश्नातून तिच्या लक्षात येतं की हे बाबांपर्यंत पोहोचलं. मग आईलाही सांगण्याआधी ती दोनदा विचार करते. असंच चालू राहिलं तर तुमच्यामुळे आईकडचं दारही हळूहळू लागेल. उलट बाजूनेही तेच: "तिला म्हणावं, बाबांना वाईट वाटतं" असे निरोप आईबरोबर पाठवणं आजपासून बंद. भांडण मिटवण्यासाठी आत्याला किंवा काकाला मध्ये घालायचा विचार मनात असेल तर तोही सोडा. अपमान नातेवाइकांसमोर झाला होता, त्यांचीच शिष्टाई तिला कशी रुचेल?

फोनबद्दल थोडं. तुमचा एक फोन तुम्ही लिहून पाठवलात ते बरं झालं: "जेवलीस का? काम कसं चाललंय? पगारवाढ झाली का? पुढे काय ठरवलंयस?" चार प्रश्न, आणि चौथा म्हणजे तोच जुना वाद. तुमच्या मनात काळजी आहे, तिला ती चौकशी वाटते. मी वडिलांना सुचवते की काही दिवस विचारू नका, सांगा. तुमच्या दिवसातली एखादी साधी गोष्ट. बागेतल्या रोपाला कळी आली, जुन्या मित्राची गाठ पडली, चष्म्याचा नंबर वाढला. तिच्याकडून काही काढून घेण्यासाठी नाही, नुसतं म्हणून. पाच मिनिटं बोला आणि तुम्हीच आधी ठेवा. तुमच्या फोनमध्ये परीक्षा नसते हे कळायला तिला बरेच फोन लागतील, म्हणून आठवड्यातला एक ठरावीक वार आणि वेळ धरा. उत्साहाच्या भरात रोज आणि मग महिनाभर काहीच नाही, असं नको.

आणि एक दिवस ती काहीतरी सांगेल. छोटंसंच. "कामावर आज फार कंटाळा आला." या क्षणाकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं, कारण इथे वडील जे करतात त्यावर पुढचं ठरतं. तोंडावर आलेलं वाक्य कोणतं ते मला माहीत आहे: "मी तेव्हाच सांगत होतो, ती नोकरी सोडायला नको होती." दुसरं तितकंच सवयीचं: "मग दुसरी शोध ना, माझ्या ओळखीचा एकजण आहे." पहिल्यात टोमणा आहे, दुसऱ्यात तोडगा. तिने यातलं काहीच मागितलेलं नाही. "हं, काय झालं?" एवढंच म्हणा, आणि ऐका. मध्ये शांतता झाली तर ती भरू नका. ती जे सांगेल ते आईलाही सांगू नका, ती होऊन सांगेपर्यंत. दोन वर्षांनी तिने तुमच्या हातावर ठेवलेली ती पहिली गोष्ट आहे, ती तुमच्यापाशीच राहू द्या.

आता ते चार दिवस. त्या चार दिवसांत सगळं निस्तरायचं आहे हा विचार सोडून द्या, तोच घात करतो. ती आधीच अंगावर चिलखत चढवून येणार आहे. तिच्यासाठी खास बेत आखू नका, पाहुणे बोलावू नका. विशेषतः त्या दिवशी हजर असलेल्यांना तर नकोच. कुणी आपणहून आलं आणि तिच्या कामावरून काही बोललं, तर ती तुमची कसोटी आहे. तिथे सर्वांसमोर, शांतपणे, एक वाक्य पुरेल: "तिचं काम चांगलं चाललंय, आणि तिचा निर्णय बरोबर होता की नाही ही आपण चर्चा करायची गोष्ट नाही." लझारांच्या मांडणीतला चौथा भाग, भरपाई, तो हाच. जिथे अपमान झाला त्याच माणसांसमोर मान राखला जाणं. लेखी माफीने जे होणार नाही ते या एका वाक्याने होऊ शकतं. पण ते मुद्दाम जुळवून आणू नका. वेळ आली तर मात्र चुकवू नका.

बोलणं निघालंच तर शेजारी शेजारी असताना निघू द्या. चालताना, काही निवडताना, एकत्र काही दुरुस्त करताना. हात कामात असले आणि नजर समोर असली की अवघड विषय जरा सोपे होतात. समोरासमोर खुर्च्या टाकल्या की कोर्ट भरतं. ती कधी मोकळेपणाने रागावली, जुनं सगळं काढलं, तर घाबरू नका. अबोल्यापेक्षा ते कितीतरी बरं. तुमच्या आठवणीतला तपशील तिच्यापेक्षा वेगळा असेल, तो तेव्हा दुरुस्त करायला जाऊ नका. तुमचंच डोकं तापतंय असं वाटलं तर उठा, पण सांगून उठा. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यात नाडीचे ठोके मिनिटाला १००च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही आणि शरीर निवायला निदान २० मिनिटं लागतात, असं त्यांचं निरीक्षण आहे. संशोधन नवरा-बायकोवरचं असलं तरी शरीर बापलेकींचंही तसंच चालतं. "मला जरा शांत व्हायचंय, अर्ध्या तासाने येतो" असं म्हणा, आणि अर्ध्या तासाने खरंच या. न सांगता निघून गेलात तर तिला त्यात शिक्षाच दिसेल.

तुमच्या मनातलं दुखणं मी विसरलेले नाही. तुम्ही लिहिलंय, "मीही माणूस आहे, मलाही तिने विचारात घेतलं नाही याचं वाईट वाटलं." बरोबर आहे. तिच्यासाठी तुम्ही बरंच काही मागे टाकलं असेल, आणि निर्णय झाल्यावर कळवलं गेलं तेव्हा लागलं असेल. ते तुम्ही तिला कधीतरी सांगावं असं मलाही वाटतं. फक्त क्रम महत्त्वाचा. तुमच्या माफीनंतर काही महिने गेले, ती स्वतःहून फोन करू लागली, की मग. आत्ता सांगाल तर ते बरोबरी साधण्यासाठी सांगितल्यासारखं होईल. तोवर ते कुणाशी तरी बोला, मित्राशी, समुपदेशकाशी. पत्नीशीही, पण निरोप पोहोचावा म्हणून नाही.

तिने कशालाच प्रतिसाद दिला नाही तर? पहिले काही महिने तसंच होईल असं धरून चाला. कधीकधी मधेच ती आणखी तुटक होते, कारण माफीने दबलेला राग वर येतो. त्यावर काही करायचं नसतं, आठवड्याचा फोन चालू ठेवायचा. ती उचलत नसेल तर दोन ओळींचा मेसेज, तोही प्रश्नचिन्ह नसलेला. ती मुळातच कोमेजली आहे, झोपत नाही, जगण्यातच रस उरलेला नाही असं पत्नीला जाणवत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि तिला वेळ न दवडता तज्ज्ञांकडे नेण्याची व्यवस्था करा. आईने नेलं तरी चालेल, तुम्ही मागे राहून.

चार दिवस संपून ती परत गेली की लगेच "घरी येऊन कसं वाटलं?" असं विचारू नका. पोहोचल्याचा मेसेज तिने आईलाच केला तरी मनाला लावून घेऊ नका. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करा, पाच मिनिटं तुमच्याकडचं काहीबाही सांगा, आणि ठेवा.